वीट, दगड, लाकूड, पत्रा: एकाच घराच्या भिंतीवर अनेक आवरणे

घराच्या बाहेरच्या भिंतींवर एकाच प्रकारचे आवरण लावण्याऐवजी खाली वीट आणि वर फळ्या, एका बाजूला दगड आणि उरलेल्या ठिकाणी गिलावा, किंवा फायबर सिमेंटच्या (तंतू मिसळलेल्या सिमेंटच्या) बोर्डांच्या जोडीला पत्रा अशी मिश्र रचना आज अनेकांना हवी असते. त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. एकच पोत सगळीकडे पसरला की मोठे घर सपाट दिसू लागते, आणि घडीव दगड किंवा टिकाऊ लाकूड यांसारखे महागडे साहित्य चारही बाजूंना लावणे परवडत नाही. ते मोजक्या भागापुरते ठेवले तर हौस आणि खर्च यांचा मेळ बसतो. मात्र निवड करताना बहुतेक चर्चा रंग आणि पोत यांच्याभोवतीच फिरते. टेबलावर शेजारी ठेवलेले दोन नमुने एकमेकांना शोभतात का, एवढे पाहून निर्णय होतो. भिंतीवर एक साहित्य कुठेतरी संपते आणि दुसरे तिथून सुरू होते, आणि त्या रेषेवर पाणी, ऊन, जाडी, वजन आणि रसायने या सगळ्यांचा हिशेब एकाच वेळी करावा लागतो. मिश्र आवरणाचे घर चांगले उतरले की फसले, हे त्याच्या सांध्यांवर ठरते, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि म्हणून या लेखात साहित्यापेक्षा सांध्यांविषयीच अधिक लिहिले आहे.

आवरणाच्या मागची व्यवस्था

पावसापासून घराचे रक्षण एकटे बाहेरचे आवरण करते, ही समजूत सुरुवातीलाच बाजूला ठेवावी लागते. वीट पाणी शोषते, गिलाव्याला बारीक तडे जातात, फळ्यांच्या जोडांतून वाऱ्याने रेटलेला पाऊस आत शिरतो आणि पत्र्याच्या मागच्या बाजूला थंडीत बाष्पाचे थेंब जमतात. म्हणून विचारपूर्वक बांधलेल्या भिंतीत आवरणाच्या मागे एक पोकळी आणि तिच्या मागे जलरोधक पडदा असतो. बहुतेक पाणी आवरण अडवते. जे आत येते ते पडद्यावरून खाली ओघळते आणि तळाशी मुद्दाम ठेवलेल्या फटींतून बाहेर पडते. उरलेली ओल पोकळीतल्या हवेने वाळते. विटांच्या बाहेरच्या थरामागे किमान २५ मिलिमीटर आणि शक्य असल्यास ५० मिलिमीटरच्या आसपास पोकळी ठेवतात, कारण बांधकाम चालू असताना विटांच्या मागून गळणारा मसाला अरुंद पोकळी बुजवून टाकतो. फळ्या किंवा बोर्ड उभ्या पट्ट्यांवर बसवून साधारण २० मिलिमीटरची जागा सोडली तरी काम भागते. भरीव भिंतीवर थेट गिलावा केलेला असेल तर पोकळी नसते, आणि तिथे सगळी भिस्त भिंतीच्या जाडीवर व गिलाव्याच्या वाळण्याच्या क्षमतेवर राहते.

एका भिंतीवर दोन आवरणे आली की ही मागची व्यवस्था मधोमध तुटण्याचा धोका निर्माण होतो. पडदा दोन्ही आवरणांच्या मागून सलग गेला पाहिजे, आणि त्याचा वरचा तुकडा खालच्या तुकड्यावर चढलेला पाहिजे. खालचा तुकडा वरच्यावर चढला, तर ओघळणारे पाणी थेट मूळ भिंतीत शिरते. दोन आवरणांमागच्या पोकळ्या वेगवेगळ्या खोलीच्या असतील तर प्रत्येकीचे पाणी कुठून बाहेर पडणार, हे स्वतंत्रपणे ठरवावे लागते. शिवाय पाणी साठवण्याच्या बाबतीत साहित्यांचे स्वभाव भिन्न असतात. वीट, दगड आणि गिलावा पावसाचे पाणी धरून ठेवतात, तर पत्रा आणि पीव्हीसी ते धरत नाहीत. पावसानंतर कडक ऊन पडले की विटेत साठलेल्या पाण्याचे बाष्प होते आणि त्यातले काही आतल्या बाजूला रेटले जाते. त्यामुळे विटेला चिकटवून बसवलेले लाकूड, त्याला वरून कितीही चांगले तेल किंवा रंग दिलेला असला तरी, कडेने ओल घेत राहते आणि तिथूनच कुजायला लागते. लाकूड आणि वीट यांच्यात ६ ते १० मिलिमीटरची मोकळी फट ठेवणे आणि फळीची कापलेली टोके लावण्यापूर्वी रंगाने बंद करणे, हे दोन लहान उपाय त्या लाकडाचे आयुष्य खूप वाढवतात.

साहित्य कुठे बदलावे

साहित्य तिथे बदलावे जिथे इमारतीचा आकार बदलतो. भिंत आत वळते, एखादा भाग पुढे येतो, जोते संपून भिंत सुरू होते, त्रिकोणी शिरोभाग सुरू होतो, छज्जा किंवा पोर्च आडवा येतो, अशा ठिकाणी झालेला बदल डोळ्याला सहज पटतो, कारण तिथे काहीतरी बदलणार हे इमारतच सांगत असते. सपाट, सलग भिंतीच्या मध्यावर, कसलेही निमित्त नसताना दगड संपून गिलावा सुरू झाला, तर तो दगड कितीही अस्सल असला तरी भिंतीवर चिकटवलेल्या कागदासारखा दिसतो.

बाहेरच्या कोपऱ्यावर साहित्य बदलणे ही सर्वांत सामान्य आणि माझ्या मते सर्वांत टाळण्याजोगी चूक आहे. समोरच्या भिंतीवर वीट लावायची, आणि बाजूच्या भिंतीकडे वळताच कोपऱ्याच्या धारेवर ती थांबवून फळ्या सुरू करायच्या, असे अनेक घरांत केलेले दिसते. समोरून घर भक्कम वाटते; तिरपे पाहिले की विटेच्या थराची उघडी कड दिसते आणि तो पातळ मुखवटा असल्याचे लगेच लक्षात येते. भिंतीत खरी वीट असती तर ती कोपऱ्यावरून वळली असती, आणि बांधकामाची माहिती नसलेल्या माणसालाही हे न सांगता जाणवते. म्हणून वीट किंवा दगड बाहेरच्या कोपऱ्यावरून वळवून बाजूच्या भिंतीवर पुढच्या आतल्या कोपऱ्यापर्यंत, आणि तो जवळ नसेल तर निदान खिडकीच्या चौकटीपर्यंत किंवा पावसाच्या उभ्या नळापर्यंत न्यावा. त्यासाठी थोडे जास्त साहित्य लागते, पण ते वसूल होते.

आतला कोपरा सोयीचा असण्याला जाडीचेही कारण आहे. विटेचा थर साधारण १०० मिलिमीटर जाड असतो आणि त्यामागे पोकळी असते, म्हणजे मूळ भिंतीपासून विटेचा बाहेरचा पृष्ठभाग १२५ ते १५० मिलिमीटर पुढे येतो. फायबर सिमेंटचा ८ मिलिमीटरचा बोर्ड त्याच्या पट्ट्यांसह तीस मिलिमीटरच्या आतबाहेर बसतो. म्हणजे शेजारच्या दोन पृष्ठभागांत दहा सेंटिमीटरच्या आसपास फरक पडतो. आतल्या कोपऱ्यात हा फरक आपोआप लपतो, कारण तिथे एक भिंत दुसरीवर जाऊन आदळतेच. सलग भिंतीवर मात्र तो उघडा पडतो आणि त्याला पायरी, कंगोरा किंवा उभी पट्टी असे काहीतरी रूप द्यावे लागते. ही पायरी लपवण्याचा आटापिटा करण्यापेक्षा ती स्पष्ट, ठळक आणि सावली पाडणारी करणे नेहमी चांगले ठरते. दोन पृष्ठभाग जवळजवळ एका पातळीत, पण नेमके नाहीत, अशी अवस्था सर्वांत वाईट दिसते.

आडव्या बदलाच्या बाबतीत जड साहित्य खाली आणि हलके वर, ही जुनी पद्धत आजही खरी आहे. पर्वतीय प्रदेशांतल्या जुन्या घरांत खालचा मजला दगडाचा आणि वरचा लाकडाचा असण्यामागे वजन आणि पाणी ही दोन सरळ कारणे होती. जमिनीवर आपटून उडणारे पावसाचे शिंतोडे आणि मातीतून चढणारी ओल यांना दगड टिकतो. लाकूड टिकत नाही. आजही फायबर सिमेंट आणि लाकूड यांची खालची कड मातीपासून किमान १५० मिलिमीटर आणि फरसबंदीपासून किमान ५० मिलिमीटर उंच ठेवण्याचा दंडक आहे. त्या पट्ट्यात काय लावायचे, हा प्रश्न वीट किंवा दगडी जोते सहज सोडवते. खालचा पट्टा किती उंच असावा याला ठरावीक उत्तर नाही, पण तो भिंतीच्या बरोबर मध्यावर आणू नये. खिडकीच्या तळपट्टीला मिळणारी रेषा बहुधा सर्वांत शांत दिसते, कारण मग तळपट्टी आणि पट्ट्याची वरची कड एकच होते आणि खिडकीभोवती अर्धवट तुकडे कापावे लागत नाहीत.

आडवा सांधा जवळून

खाली विटेचा पट्टा आणि वर फायबर सिमेंटच्या फळ्या असा सांधा घेऊन त्यात काय काय असते ते क्रमाने पाहू. विटेचा शेवटचा थर संपल्यावर त्याच्या डोक्यावर दगडाची किंवा काँक्रीटची उतरती पट्टी बसवतात. तिचा उतार बाहेरच्या बाजूला असतो, साधारण १५ अंशांच्या आसपास, आणि ती विटेच्या पृष्ठभागापेक्षा तीन-चार सेंटिमीटर पुढे येते. या पुढे आलेल्या भागाच्या पोटाला, कडेपासून थोडे आत, एक सलग खाच कापलेली असते. पाण्याला पृष्ठभागाला चिकटून मागे सरकण्याची सवय असते. ही खाच त्याला अडवते आणि ते थेंब होऊन खाली पडते. खाच नसेल तर तेच पाणी पट्टीच्या पोटावरून मागे येऊन विटेवर ओघळते, आणि काही वर्षांत बरोबर त्या रेषेखाली काळे डाग आणि लोणा दिसू लागतो.

पट्टीच्या मागच्या बाजूला फ्लॅशिंग असते, म्हणजे पत्र्याची दुमडलेली पट्टी. तिचा उभा भाग मूळ भिंतीवर वर चढतो आणि जलरोधक पडद्याच्या मागे सरकवलेला असतो. आडवा भाग दगडी पट्टीवरून बाहेर येतो. पुढची कड किंचित खाली वळवलेली असते. पडदा या उभ्या भागावरून खाली येतो, त्यामुळे पडद्यावरून ओघळणारा प्रत्येक थेंब पत्र्यावर पडतो आणि बाहेर निघून जातो. फळीची खालची कड या पत्र्यावर टेकत नाही; तिच्याखाली किमान ६ मिलिमीटरची फट मोकळी राहते, आणि कीटक शिरू नयेत म्हणून आत बारीक जाळी बसवतात.

ही मोकळी फट पाहून अनेकांना ती राहून गेलेली उणीव वाटते, आणि काम संपता संपता कोणीतरी ती सीलंटने, म्हणजे फटी बुजवण्याच्या लवचीक लुकणाने, भरून टाकतो. घराचे यात फार मोठे नुकसान होते, आणि म्हणून हे ठासून सांगायला हवे: आडव्या सांध्याची वरची बाजू झाकायची असते आणि खालची मोकळी ठेवायची असते. खालची फट बंद केली की आत आलेले पाणी अडकते, फळीचे टोक ते शोषते, आधी रंग फुगतो आणि मग बोर्डाचे थर सुटू लागतात. विटांच्या तळाशी ठराविक अंतरावर रिकाम्या सोडलेल्या उभ्या दरजाही याच कारणासाठी असतात. त्या मसाल्याने भरू नयेत आणि बागेची माती चढवून झाकू नयेत.

छपराची उतरती कड जिथे भिंतीला जाऊन संपते तो कोपरा याहूनही नाजूक असतो. छपरावरचे सगळे पाणी त्या एका बिंदूकडे धावते आणि पन्हळीत पडण्याऐवजी भिंतीच्या आवरणामागे शिरू शकते. तिथे पाण्याला बाहेरच्या बाजूला वळवणारा पत्र्याचा लहान कोन बसवतात. तळहाताएवढा हा तुकडा विसरला गेला तर त्याखालची भिंत वर्षानुवर्षे आतून भिजत राहते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. नेमक्या अशाच ठिकाणी दोन आवरणे मिळत असतील तर सांधा थोडा बाजूला सरकवणे शहाणपणाचे असते.

प्रत्येक साहित्य वेगळे हलते

उन्हाने साहित्य प्रसरण पावते हे सर्वांना माहीत असते. किती पावते हे क्वचितच मोजले जाते. तापमानात ४० अंश सेल्सिअसचा फरक पडला तर ३ मीटर लांबीच्या विटांच्या भिंतीची लांबी एका मिलिमीटरहून कमी बदलते, तेवढ्याच लांबीचा पोलादी पत्रा सुमारे दीड मिलिमीटर, ॲल्युमिनियमचा पत्रा पावणेतीन मिलिमीटर, आणि पीव्हीसीची पट्टी सात-आठ मिलिमीटर वाढते किंवा आकसते. गडद रंगाचा पत्रा भर उन्हात हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो, त्यामुळे ४० अंशांचा हा फरक मुळीच अतिशयोक्तीचा नाही. पीव्हीसीच्या पट्ट्यांना खिळ्यासाठी गोल छिद्राऐवजी लांबट खाच असते आणि खिळा पूर्ण आवळू नये असे सांगतात, ते याच कारणाने. पट्टीला सरकता आले नाही तर ती फुगून लाटेसारखी होते.

लाकूड उष्णतेने फारसे हलत नाही, पण ओलाव्याने हलते, आणि तेही लांबीत जवळजवळ नाही, रुंदीत पुष्कळ. १५० मिलिमीटर रुंद फळी दमट आणि कोरड्या दिवसांच्या दरम्यान दोन-तीन मिलिमीटर सहज फुगते-आकसते. भाजलेली वीट भट्टीतून बाहेर आल्यावर हवेतला ओलावा घेत पुढची कित्येक वर्षे अगदी थोडी पण कायमची वाढत राहते, तर सिमेंट काँक्रीटचे ठोकळे वाळताना आकसतात. म्हणजे विटेचा थर आणि त्यामागची लाकडी किंवा काँक्रीटची चौकट एकमेकांच्या उलट दिशेला सरकत असतात. लाकडी चौकटीच्या घरात खिडकीच्या तळपट्टीखाली आणि छपराच्या कडेखाली विटेच्या वर थोडी जागा सोडतात, ती याच हालचालीसाठी. ती न सोडल्यास खालची वीट खिडकीच्या तळपट्टीला वर रेटू लागते.

या आकड्यांचा सांध्याशी थेट संबंध आहे. दोन साहित्यांमधली उभी फट सीलंटने भरायची असेल तर त्या सीलंटला ताणले जाण्याची आणि दाबले जाण्याची मर्यादा असते. नेहमीच्या चांगल्या सीलंटची ती मूळ रुंदीच्या सुमारे २५ टक्के असते. १० मिलिमीटर रुंदीचा सांधा म्हणून अडीच मिलिमीटरची हालचाल सोसेल, आणि वर पाहिलेल्या ३ मीटरच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यासाठी, तो एका टोकाला पक्का केलेला असल्यास, तेवढे पुरणार नाही. सांधा रुंद करावा लागेल, किंवा पत्रा मध्यावर पक्का करून हालचाल दोन टोकांत वाटावी लागेल. सीलंट फटीत नुसते कोंबूनही चालत नाही. आधी फोमची गोल दोरी आत दाबून बसवतात, म्हणजे सीलंट फक्त दोन बाजूंना चिकटते आणि मागच्या बाजूला मोकळे राहते; तिन्ही बाजूंना चिकटलेले सीलंट ताण पडताच मधून फाटते. त्याची खोली रुंदीच्या निम्म्याच्या आसपास ठेवली की ते नीट ताणले जाते. एवढे केले तरी सीलंट विटेपेक्षा फार आधी थकणार, म्हणून ज्या सांध्यात सीलंट निकामी झाल्यावरही मागचे फ्लॅशिंग पाणी बाहेर काढते, तोच सांधा भरवशाचा मानावा.

वरून ओघळणारे पाणी काय घेऊन येते

एकमेकांना स्पर्श न करणारी साहित्येही एकमेकांना बिघडवू शकतात, कारण पावसाचे पाणी वरच्या साहित्यातले काही ना काही घेऊन खालच्यावर उतरते. तांब्याच्या पत्र्यावरून आलेल्या पाण्यात तांब्याचे सूक्ष्म अंश असतात, आणि ते खालच्या जस्ताच्या, जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर साचले की तो पत्रा झपाट्याने खाल्ला जातो. उलट क्रमाने, म्हणजे जस्त वर आणि तांबे खाली असेल तर ओघळाचा त्रास होत नाही. दोन्ही धातू एकमेकांना टेकू नयेत एवढे पाहावे लागते. हलक्या रंगाच्या दगडावर किंवा गिलाव्यावर तांब्याचे पाणी हिरवट डाग पाडते. मुद्दाम गंज धरू दिलेले पोलाद, ज्याचा तपकिरी पोत आज अनेकांना आवडतो, सुरुवातीच्या काळात गंजाचे पाणी सोडते. त्याच्याखाली पांढरा गिलावा किंवा सच्छिद्र दगड ठेवणे म्हणजे डाग निश्चित करणे होय. त्याखाली गडद खडी, किंवा ते पाणी वेगळे वाहून नेणारी पन्हळ असावी.

ओक आणि सिडार यांसारख्या लाकडांत टॅनिन हे तुरट द्रव्य असते. साध्या लोखंडी खिळ्याशी त्याचा संयोग झाला की खिळ्याखाली निळसर काळा ओघळ येतो, आणि खालच्या गिलाव्यावर पावसाबरोबर चहासारखे तपकिरी डाग उतरतात. अशा लाकडासाठी स्टेनलेस स्टीलचे खिळे किंवा स्क्रू वापरावेत. समुद्राजवळ त्यातही ३१६ प्रतीचे स्टील लागते, कारण खाऱ्या हवेत ३०४ प्रतीवर तांबूस ठिपके येतात. ओले सिमेंट आणि चुना तीव्र अल्कधर्मी असतात आणि उघड्या ॲल्युमिनियमला खातात, म्हणून विटेच्या मसाल्यात किंवा फायबर सिमेंटला लागून येणारे ॲल्युमिनियमचे फ्लॅशिंग रंगाचा पक्का थर दिलेले असावे लागते. ताज्या काँक्रीटवरून आलेले पाणी काचेवर वाळू दिले तर काचही पुसट होते.

दगडावर दगड ठेवतानाही क्रम पाहावा लागतो. चुनखडीवरून आलेले पाणी विरघळलेले क्षार घेऊन खालच्या वालुकाश्मात मुरते, तिथे त्या क्षारांचे स्फटिक होतात आणि वालुकाश्माचा पृष्ठभाग पापुद्रे धरून सुटू लागतो. जुन्या इमारतींची दुरुस्ती करणाऱ्यांना हे ठाऊक असते; नवीन घराचे नमुने निवडताना मात्र दोन दगड रंगाने जुळले की काम झाले असे मानले जाते.

वजन आणि आग

एका चौरस मीटरला विटेचा थर सुमारे १९० किलो भरतो, गिलाव्याचा २० मिलिमीटरचा थर ४० किलोच्या आसपास, फायबर सिमेंटचा ८ मिलिमीटरचा बोर्ड ११ किलो, आणि पीव्हीसीच्या पट्ट्या अवघ्या दोन-तीन किलो. त्यामुळे वीट हवी तिथे हवी तेवढी लावता येत नाही; तिला पायातून वर आलेली पडदी किंवा संरचनेला जोडलेला पोलादी कोन लागतो. खालच्या छपराच्या वर, अधांतरी भागात वीट दाखवायची असेल तर हा खर्च आधीच धरावा, किंवा तिथे चिकटवण्याच्या पातळ विटा वापराव्यात. पातळ विटांना आणि दगडाच्या चिपांना मागे पाण्याला वाट देणारा थर लागतोच. थेट चिकटवल्या तर मागची ओल बाहेर पडत नाही.

आगीचा विचार लहान घरांत बहुधा राहून जातो. लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवर या निवासी इमारतीला १४ जून २०१७ रोजी लागलेल्या आगीत ७२ माणसे मृत्युमुखी पडली. नूतनीकरणाच्या वेळी बसवलेले, पॉलिएथिलिन या ज्वलनशील प्लास्टिकचा गाभा असलेले ॲल्युमिनियमचे पॅनेल हे आग पसरण्याचे प्रमुख कारण असल्याचे चौकशीत निष्पन्न झाले. ती उंच इमारत होती, पण त्यातली एक गोष्ट दोन मजली घरालाही लागू पडते: आवरणामागची पोकळी धुराड्यासारखी ज्वाला वर खेचते. म्हणून मजल्यांच्या पातळीवर आणि खिडक्यांभोवती पोकळीत अग्निरोधक अडसर बसवतात, आणि साहित्य बदलण्याची आडवी रेषा त्याच पातळीवर ठेवली तर दोन्ही कामे एकत्र होतात. पीव्हीसी साधारण ७० ते ८० अंशांना मऊ पडू लागते. समोरच्या खिडकीच्या उष्णता परावर्तित करणाऱ्या दुहेरी काचेवरून एकवटलेले ऊनही त्याला वाकवू शकते, त्यामुळे अशा काचेच्या समोरची भिंत पीव्हीसीसाठी निवडू नये.

किती साहित्ये, कोणती

दोन मुख्य साहित्ये आणि गरज असल्यास एक गौण, एवढ्यावर थांबावे असे मला वाटते. त्यांतले एक निर्विवादपणे मोठे असावे, भिंतीच्या दोन तृतीयांशांच्या आसपास. निम्मे-निम्मे वाटप केले की डोळ्याला मुख्य कोणते ते कळत नाही. चौकटी, पन्हळी, कठडे आणि छपराचा पत्राही रंग आणि पोत घेऊन येतात, त्यांनाही या हिशेबात धरायला हवे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामध्ये फ्रँक लॉइड राइट यांनी १९३० च्या दशकात बांधलेल्या फॉलिंगवॉटर या घरात उभ्या भागांना तिथल्याच खाणीतला वालुकाश्म आहे आणि आडव्या गच्च्यांना फिकट पिवळसर काँक्रीट. रंग देण्याजोग्या सगळ्या लोखंडी कामाला एकच तांबडा रंग दिला आहे. उभ्याला एक साहित्य आणि आडव्याला दुसरे, हा नियम इतक्या काटेकोरपणे पाळला आहे की कोणता भाग कशाचा, असा प्रश्नच पडत नाही. काही ठिकाणी काच चौकटीशिवाय थेट दगडातल्या खाचेत बसवली आहे, त्यामुळे दगडाची भिंत आतून बाहेर सलग जाताना दिसते.

याच्या उलट टोकाला फिनलंडमधल्या मुरात्सालो बेटावर आल्व्हार आल्टो यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वतःसाठी बांधलेले उन्हाळी घर आहे. त्याच्या अंगणाच्या भिंतींवर सुमारे ५० चौकटींमध्ये निरनिराळ्या विटा आणि फरशा, निरनिराळ्या रचनांत, हवामानात कशा टिकतात हे पाहण्यासाठी बसवलेल्या आहेत. इतकी विविधता असूनही त्या भिंती विस्कळीत वाटत नाहीत, कारण बहुतेक सगळे भाजलेल्या मातीच्या तांबड्या रंगकुळातले आहे आणि बाहेरच्या भिंती एकसंध पांढऱ्या आहेत. पोत बदलायचा असेल तर रंग जवळचे ठेवावेत, आणि रंगात मोठा फरक करायचा असेल तर पोत शांत ठेवावा, हे यातून घेण्याजोगे आहे. दोन बोलके पोत शेजारी आणू नयेत. ओबडधोबड दगडाला लागून ठळक रेषांच्या लाकडी फळ्या आल्या तर दोन्हींचे सौंदर्य कमी होते, आणि त्याच दगडाला गुळगुळीत गिलाव्याची सोबत मिळाली तर तो खुलून दिसतो.

आज जुळणारे रंग दहा वर्षांनी जुळतील का, हेही पाहावे लागते. उघडे लाकूड करडे पडते, जस्त मंद राखी होते, पांढऱ्या गिलाव्यावर शेवाळ धरते, विटेत मात्र फारसा बदल होत नाही. लाकूड करडे पडणार हे गृहीत धरून शेजारचे साहित्य निवडले तर पुढे पश्चात्ताप होत नाही. ताज्या लाकडाच्या मधाळ रंगाशी गिलावा जुळवला तर दर दोन-तीन वर्षांनी लाकडाला तेल देत राहावे लागते.

सांधा कोणाचा

प्रत्यक्ष कामात वीट गवंडी लावतो, फळ्या सुतार लावतो, पत्रा तिसराच कोणीतरी बसवतो, आणि सांधा नेमका दोघांच्या मधे पडतो. फ्लॅशिंग कोणाच्या कामात धरले आहे हे करारात लिहिलेले नसेल तर ते बहुधा कोणीच बसवत नाही, किंवा शेवटी येणारा ते वरून चिकटवून मोकळा होतो. म्हणून काम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक प्रकारच्या सांध्याचे मोठ्या प्रमाणातले आडवे आणि उभे छेदचित्र वास्तुरचनाकाराकडून मागावे. त्यात पडदा, फ्लॅशिंग, पोकळी, फटीची रुंदी आणि पाणी बाहेर पडण्याची जागा स्पष्ट दिसली पाहिजे, आणि प्रत्येक तुकड्यापुढे तो कोण बसवणार हे लिहिलेले पाहिजे. क्रम साधारणपणे पडदा, फ्लॅशिंग, जड आवरण, हलके आवरण आणि शेवटी सीलंट असा असतो. विटा आधी होऊ द्याव्यात, म्हणजे मसाल्याचे शिंतोडे नव्या फळ्यांवर उडत नाहीत.

सगळ्यांत कठीण सांधा निवडून त्याचा एक मीटरभर लांबीचा नमुना जागेवरच बांधून घेण्याचा आग्रह धरावा. त्यावर वरच्या बाजूने पाइपने पंधरा-वीस मिनिटे पाणी सोडावे आणि मागची बाजू उघडी ठेवून पाणी कुठून जाते ते पाहावे. पडद्याचा चुकीचा चढाव, खाच नसलेली पट्टी, बुजलेली फट हे सगळे या एका चाचणीत दिसते, आणि तेव्हा ते दुरुस्त करायला एक दिवस पुरतो.